गेलो तर सगळे एकत्र

सोमवार, मुलाच्या घरी

उद्या सुटका. सामान भरून झालं. मी भरलेली बॅग सुनेने उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून भरली, कारण माझ्या घड्या तिला पसंत पडल्या नाहीत. आयुष्यभर कचेरीत फायली बांधल्या, एकीतूनही कधी कागद निसटला नाही. पण मला शर्टाची घडी येत नाही असं इथे सर्वानुमते ठरलं आहे.

ठेवलं चांगलं, तक्रार नाही. फक्त "बाबा, तुम्ही बसा" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी उभं राहायचीच चोरी वाटायला लागली. भांडी धुवायला गेलो तर ती यंत्र धुतं, तुम्ही बसा. नातवाला गोष्ट सांगायला घेतली तर तोही म्हणाला, आजोबा, तुम्ही बसा, मी आलोच. तो आलाच नाही. ज्याच्या सहीवाचून एका मोठ्या कचेरीतून कागद बाहेर पडत नव्हता, त्याच्या हातात इथे टीव्हीचा रिमोटसुद्धा देत नाहीत. एकदा माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं आणि सगळी माणसं परक्या भाषेत बोलायला लागली, एवढंच निमित्त.

असो. आता घरी पोहोचायला हवं. हिचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी आहे. पित्ताशयात खडे. त्या दुखण्यापायीच ही इकडे आली नाही. तिकिटं आधीच काढलेली होती. हिचं रद्द केलं, पण दोन्ही रद्द करण्यात काय हशील, असा विचार करून मी आलो. हीच म्हणाली, जाऊन या. जरा हळू म्हणाली, पण म्हणाली. डॉक्टर त्यानंतर लांब रजेवर जाणार आहेत, तेव्हा तारीख हलणार नाही. मी बुधवारी पोहोचणार, गुरुवारी आराम, शुक्रवारी हॉस्पिटल. आखणी चोख आहे.

हिची भीती एकच, भूल. हिच्या आईला भूल दिली होती, ती उतरलीच नाही. आज फोनवर म्हणाली, "मला बाकी काही नको. डोळे उघडेन तेव्हा ओळखीचा एक चेहरा समोर असू दे." मी म्हटलं, अगं, मी असणारच, दुसरं कोण असणार. बायकांना काळजी करायला विषय लागतो.

मंगळवार, मधला विमानतळ

इथे विमान बदलायचं होतं. पहिलं वेळेवर आलं, दुसरं यायचं नाव घेईना. फलकावर आधी थोडा उशीर, मग जास्त उशीर, मग वेळच गेली आणि नुसतं 'प्रतीक्षा करा' राहिलं. कारण काय, तर तांत्रिक. हा शब्द मी स्वतः नोकरीत असंख्य पत्रांत वापरला आहे. त्याचा अर्थ, कोणाला काहीही माहीत नाही.

काउंटरवर एक मुलगी आहे. विमान कधी सुटणार विचारलं की हसते. सुटणार का विचारलं तरी हसते. तिचं नाव मी हसरी ठेवलं आहे.

माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसल्या आहेत. बहिणीकडून परत चालल्या आहेत, एकट्याच. लोक त्यांना आपोआप बाई म्हणायला लागले. काही माणसांच्या अंगातून शाळा जात नाही. मी चौकशी केली, तुम्हाला न्यायला कोण येणार. म्हणाल्या, कुलूप. घरी तेच वाट बघत असतं. एवढं बोलून पिशवीतून संत्रं काढलं आणि अर्धं मला दिलं. मी सांगितलं की आमच्या घरी ऑपरेशन आहे, मला उशीर करून चालणार नाही. त्यांनी विचारलं, कोणाचं, कसलं, ती घाबरलीय का? शेवटच्या प्रश्नाचा विमानाशी काय संबंध ते कळलं नाही, पण उत्तर दिलं.

दिवस मावळता मावळता आम्हा सगळ्यांना बसमध्ये कोंबून एका हॉटेलवर आणून टाकलं. खोली बरी आहे. खिडकीतून धावपट्टी दिसते. इतरांची विमानं कशी वेळेवर उडतात ते बघायची खास सोय.

बुधवार, हॉटेल

आज मी घरी असायचा होतो. त्याऐवजी अध्यक्ष झालो.

सकाळी नाश्त्याच्या वेळी विमान कंपनीचा एक टायवाला आला. गोड आवाजात म्हणाला, आम्ही दिलगीर आहोत, जसजशा जागा मिळतील तसतसं एकेकाला पाठवू. लोकांनी माना डोलावल्या. मेंढरं. माझ्या लगेच लक्षात आलं, ही तर 'फोडा आणि झोडा'. एकेकाला उचललं की मागे राहिलेल्यांना कोण विचारणार? मी उठलो, चमचा पेल्यावर वाजवला आणि बोललो. काय बोललो ते शब्दशः आठवत नाही, ही हळहळ आहे. मध्ये एकदा गहिवरून हिच्या ऑपरेशनचाही उल्लेख केला. त्याचा सभेवर चांगला परिणाम झाला.

एक घरबांधणीचे कंत्राटदार आहेत, अंगाने दांडगे, आवाजाने त्याहून. ते म्हणाले, काकांनाच पुढारी करा. सगळे हो म्हणाले. कोणी तरी पुढे होणार असेल तर आपल्या लोकांची ना नसते, हे कबूल. तरी निवड ती निवड. आमच्या सोसायटीत मी चिटणीस होतो तेव्हा गेटवरचा दिवासुद्धा ठरावाशिवाय बदलला जात नव्हता. गेल्या निवडणुकीत मला पाडलं, आणि तेव्हापासून तो दिवा बंदच आहे.

तर रीतसर समिती झाली. ठराव पहिला: कोणीही एकट्याने मिळालेली जागा घ्यायची नाही, गेलो तर सगळे एकत्र. सूचक मी, अनुमोदक बाई. बाईंनी हात वर केला तो अनुमोदनासाठी की वेटरला चहा सांगण्यासाठी, यावर मागून एकाने शंका काढली. मी ती फेटाळली. ठराव मंजूर. सभेची गणपूर्ती किती, म्हणजे निम्म्याहून एक जास्त, हेही ठरवून टाकलं. एक नवविवाहित जोडपं सारखं एकमेकांकडे बघत होतं, त्यांना बाजूने धरलं.

किती दिवसांनी माझ्या हातात काम आलं. खोलीत परत आलो तेव्हा आरशात बघून भांग पाडला.

सभेत असतानाच हिचा व्हिडिओ फोन आला होता. मुद्द्याच्या ऐन वेळी. मी फोन बाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, जरा बोला, मी आलोच. सभा संपवून बघतो तर दोघी अजून बोलत होत्या. बाई तिला विमानातल्या एका घोरणाऱ्याची नक्कल करून दाखवत होत्या आणि ही पोट धरून हसत होती, हसताना खडे दुखतात म्हणून कळवळत होती आणि तरी हसत होती. माझ्याशी बोलताना फोनची बॅटरी संपली.

गुरुवार, हॉटेल

आज जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवतो.

सभा चालू होती. विषय, जेवणात रोज तेच सूप. तेवढ्यात हसरी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, काका, तुमच्यासाठी एक जागा मिळवली आहे, दुसऱ्या कंपनीच्या विमानात, आज संध्याकाळची. उद्या पहाटे घरी पोहोचाल. तुमच्या घरी ऑपरेशन आहे ना?

नंतर कळलं की बाई सकाळपासून विमानतळावर तिच्या काउंटरपाशी ठिय्या देऊन बसल्या होत्या, माझ्यासाठी. मला विचारलं नाही, समितीला विचारलं नाही. हेतू चांगला असेल, पण कामाची काही पद्धत असते.

सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं कशाला लिहू, माझा एक पाय उठला होता. पहाटे पोहोचलो असतो, हॉस्पिटलही विमानतळापासून लांब नाही. पण तेवढ्यात कंत्राटदार म्हणाले, "जा काका, तुम्ही निघा. समितीचं काय, चालेल नाहीतर मोडेल." तो 'मोडेल' मला लागला. आणि वर कोणीतरी तरुण आवाजात म्हणालं, "काका, तुम्ही बसा, आम्ही सांगतो ना त्यांना."

तुम्ही बसा!

मी बसलो नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "ठराव माझा आहे. तो मीच मोडू? गेलो तर सगळे एकत्र." टाळ्या पडल्या. निवृत्तीच्या निरोपसमारंभातही एवढ्या पडल्या नव्हत्या. तिथे लोकांचं लक्ष खाण्याकडे होतं. कंत्राटदारांनी मला मिठी मारली. जोडप्यातल्या मुलीचे डोळे भरून आले. हसरीसुद्धा क्षणभर हसायची विसरली.

हसरीबरोबरच परतलेल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहा ढवळत होत्या. त्यात साखर नव्हती, तरी ढवळत होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "अध्यक्ष, मग ती जागा मी घेऊ?"

मी म्हटलं, बाई, तुम्ही तर अनुमोदक. त्या म्हणाल्या, अनुमोदन मागे घेते. तशी तरतूद नाही असं मी दाखवून दिलं. त्या म्हणाल्या, नसू दे, आणि उठल्या. घरी वाट बघायला कुलूप, आणि घाई बघा. शेवटी ज्याची त्याला पडलेली असते. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे अजून घर उभंही राहिलं नव्हतं.

बॅग घेऊन जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या आणि एक विचित्र प्रश्न विचारला. "चष्मा नसेल तर तुमच्या मंडळींना समोरचा माणूस ओळखू येतो का?"

लांबचं दिसत नाही की जवळचं, हे मी कधी नीट विचारलेलं नाही. मी म्हटलं, मला तर ओळखते. बाई "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर बाईंच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

हिला फोन केला. सगळं समजावून सांगितलं, अगदी मुद्देसूद. तत्त्वाचा प्रश्न आहे, लोक माझ्या तोंडाकडे बघताहेत, सेनापतीने असं मैदान सोडून चालत नाही. ही म्हणाली, "बरं."

मी सुचवलं, डॉक्टरांना विचारून बघ, दोन दिवस पुढे ढकलता येतं का. म्हणाली, "ते विमान नाही." मग विचारलं, जेवलात का. मी म्हटलं, हो, पण तुला वाईट तर नाही ना वाटलं? म्हणाली, "मला सवय आहे." शेजारीण तिला सकाळी हॉस्पिटलात सोडणार आणि तशीच पुढे कामावर जाणार आहे.

सार्वजनिक काम करणाऱ्या माणसाला अशी समजूतदार बायको लाभणं हे भाग्यच.

शुक्रवार, हॉटेल

सकाळी सभेला माणसं कमी. मी गणपूर्ती निम्म्यावरून एक तृतीयांशावर आणली. तरी भरेना, तेव्हा पाव केली. नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात, हे मी नेहमीच म्हणत आलो आहे.

नवविवाहित जोडपं मागच्या जिन्याने गेलं. मी त्यांना पाहिलं. आवाज होऊ नये म्हणून त्याने दोघांचे बूट हातात घेतले होते आणि ती बॅग छातीशी धरून, चाकं न टेकवता, चवड्यांवर उतरत होती. घरच्यांचा विरोध पत्करून पळालेली जोडपी ऐकली होती. समितीचा विरोध पत्करून पळालेलं हे पहिलंच. कंत्राटदार डोकेदुखीची गोळी आणायला म्हणून बाहेर पडले. गोळी आणायला दोन बॅगा कशाला लागतात, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

नाश्त्याच्या दालनात फार गलका होतो म्हणून मी हॉटेलकडून तळघरातली बैठकीची खोली मागून घेतली होती. तिथे जाऊन विमान कंपनीला द्यायचं निवेदन लिहायला बसलो. मागण्या: लेखी माफी, भरपाई, सुपात बदल. मजकूर चांगला जमत होता. पण हात पुढे सरकत नव्हता, हेही लिहून ठेवतो. एव्हाना हिला आत नेलं असणार. मी हिचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आत नेताना फोन काढून घेत असतील, चष्माही काढून घेत असतील. मग बाईंचा प्रश्न आठवला आणि उगाच त्यांचा राग आला. हिची आई आठवली. चहा मागवला होता तो समोरच निवला. निवेदनाच्या कागदावर मी नुसतं 'महोदय, महोदय' लिहिलेलं नंतर दिसलं.

मग हिच्या फोनवरून संदेश आला: 'ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या. हसल्या.'

मी तो कितीतरी वेळा वाचला. 'आल्या, हसल्या' म्हणजे हिने नाही लिहिलेलं, नर्सने लिहिलं असणार. हल्लीच्या नर्सा अशा तत्पर असतात हे ऐकून होतो. हसल्या का, ते कळलं नाही. भूल उतरताना माणूस काहीही करतो म्हणे.

बरं वाटलं. फार बरं वाटलं. आपण गुडघे किती घट्ट आवळून बसलो होतो ते उठताना कळलं. ही बातमी कोणाला तरी सांगावी, अभिनंदनाचा छोटासा ठरावसुद्धा करता येईल, म्हणून धापा टाकत वर आलो. दालनात कोणी नव्हतं. एक वेटर खुर्च्या एकमेकींवर रचत होता. त्याला विचारलं, सभासद कुठे गेले. म्हणाला, बस आली होती, सगळे गेले, विमान दुरुस्त झालं ना. तीनदा घोषणा केली की.

तळघरात घोषणा ऐकू येत नाही.

सगळे एकत्र गेले. ठरावात म्हटलं होतं तसंच.

वेटरला म्हटलं, माझ्या बायकोचं ऑपरेशन नीट झालं. तो म्हणाला, छान, आणि मी टेकलो होतो ती एकच खुर्ची उरली होती, तिच्याकडे बघत थांबून राहिला.

शनिवार, विमानतळ

टायवाला भेटला. मला म्हणतो, तुम्ही एकटेच कसे मागे राहिलात, तुम्हाला तर गुरुवारीच जागा दिली होती ना? मी निवेदन त्याच्या हातात ठेवलं. त्यावर सह्या करायला माणसंच उरली नव्हती, म्हणून मी अध्यक्ष म्हणून एक आणि प्रवासी म्हणून एक, अशा दोन सह्या केल्या होत्या.

काउंटरवर हसरीच होती. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. मंगळवारपासून ती घरी गेली की नाही कोण जाणे. तिने विचारलं, ऑपरेशन कसं झालं. इतक्या माणसांत तिने एकटीने विचारलं. मी सांगितलं, झालं. तिकीट देताना ती हसली नाही. म्हणाली, काका, आता कुठे सभा भरवू नका, सरळ दारापाशी जाऊन बसा.

बसलो. समिती बरखास्त केली. बाजूने एक मत, विरोधी कोणी नाही.

रविवार, हॉस्पिटल

विमानतळावरून बॅगेसकट थेट हॉस्पिटलात आलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. मुद्दे तीन होते, त्यातला पहिला तत्त्व हा होता.

खोलीचं दार लोटलं. ही उशीला टेकून बसलेली. रंग उतरलेला, पण चेहरा शांत. आणि खाटेशेजारच्या खुर्चीत बाई. संत्रं सोलत होत्या. खुर्चीखाली त्यांची बॅग, विमानाची पट्टीसुद्धा अजून काढलेली नव्हती.

मी दारातच उभा. बाई म्हणाल्या, "या अध्यक्ष." ही म्हणाली, "बसा." मला बसायला खुर्ची नव्हती. बाई उठायला लागल्या तर हिने त्यांचा हात धरून खाली बसवलं. मी बॅगेवर बसलो.

मग सगळं कळलं. शुक्रवारी पहाटे बाई उतरल्या त्या घरी गेल्याच नाहीत. शेजारीण हिला सोडून कामावर जात होती, त्याच वेळी त्या इथे पोहोचल्या. बुधवारी फोनवर या दोघींचं ठरलेलं काहीही नव्हतं. हिने बोलता बोलता हॉस्पिटल सांगितलं होतं, भीती सांगितली होती, तेवढंच. आत नेताना हिचा चष्मा काढून घेतला, तर बाईंनी तो हातरुमालात गुंडाळून स्वतःपाशी ठेवला. हिने डोळे उघडले तेव्हा आधी तो डोळ्यांवर चढवला आणि मगच समोर बसल्या. हिला चष्म्याशिवाय जवळचंही दिसत नाही, लांबचंही नाही. मला आज समजलं. दोन दिवस बाई घरी फक्त आंघोळीपुरत्या गेल्या. संदेशही त्यांनीच पाठवला होता.

मी मुद्दे सगळे विसरलो. विचारलं, "घाबरली होतीस का गं?"

ही म्हणाली, "आत जाताना घाबरले होते. डोळे उघडले तर समोर या. मला वाटलं, ही फोनमधली बाई इथे कशी, म्हणजे आपण गेलो बहुतेक. मी विचारलं, हे कुठे आहेत? या म्हणाल्या, मीटिंगमध्ये. तेव्हा खात्री पटली, आपण जिवंत आहोत. सगळं जिथल्या तिथे आहे."

औषध द्यायला आलेली नर्स खुदकन हसली. बाईही हसल्या. ही टाके दुखतील म्हणून पोटावर उशी धरून हसली. मीही हसलो. चारचौघांत हसावं लागतं. मग पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर आलो. नळाखाली बाटली धरली आणि ती कधी भरली कळलं नाही. पाणी हातावरून, बाहीवरून, बुटांवर वाहत होतं. मला लाज वाटली. एवढंच लिहितो. मागे रांग लागली होती. एकाने विचारलं, "काका, तुमचं झालं का?" मी म्हटलं, झालं.

परत गेलो तेव्हा दोघी संत्रं खात होत्या. अर्धं माझ्यासाठी ठेवलं नव्हतं. मग हिने स्वतःच्या वाट्यातली एक फोड दिली.

पुढला शुक्रवार, घरी

ही परवा घरी आली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, हात वर ताणायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मी भात लावायला शिकलो. आज कमी करपला. शर्टाच्या घड्याही घालून बघितल्या. सूनबाई म्हणते त्यात तथ्य असावं.

बाई रोज दुपारी येतात. त्यांच्या कुलपाला आता सवय झाली असेल.

आणि आज विमान कंपनीचं पत्र आलं! माझ्या निवेदनाची दखल घेतली गेली. लेखी माफी, आणि झाल्या त्रासाबद्दल मुलाकडे जाऊन येण्याची दोन मोफत तिकिटं. नावं आपण घालायची. दोन कशी, तर निवेदनावर दोन सह्या होत्या. बघा, चिकाटी धरली की काय होतं ते. ज्यांनी मैदान सोडलं त्यांना काय मिळालं? मी पत्र दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं, 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल' हे वाक्य दोनदा वाचलं. बाई म्हणाल्या, अध्यक्ष, लढा यशस्वी झाला म्हणायचा. त्यांच्या आवाजात काय होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, तू बरी झालीस की जाऊ आपण. नातू बघशील.

हिने चष्मा पुसला, घातला, पत्र स्वतः वाचलं. मग म्हणाली, "दोन तिकिटं आहेत ना? छान. मी आणि बाई जाऊन येतो."

मला वाटलं थट्टा चाललीय. पण हिच्या कपाळाला आठी होती, आणि ही थट्टा करताना आठी घालत नाही. मी म्हटलं, अगं, पण मी? म्हणाली, "तुम्ही बसा."

मी हरकत घेतली. असा निर्णय असा तोंडी होत नाही, रीतसर चर्चा हवी. ही म्हणाली, करा की रीतसर. मी ठराव मांडते. बाई म्हणाल्या, माझं अनुमोदन, आणि या वेळी मागे घेणार नाही. गणपूर्ती भरलेली होती. नियमाप्रमाणे मी विचारलं, विरोधात कोण? आणि मीच हात वर केला.

ही माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "वर केलाच आहे, तर तेवढा फळीवरचा चहाचा डबा काढा. माझा हात पोचत नाही."

डबा काढला. ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर. मग त्या दोघींचा चहा मीच केला.